मागच्या भिंतीची तारीख

नाही नाही, तिथं नको मॅडम — इकडं या, या कडेला, त्या खिडकीखाली मुळीच उभ्या राहू नका. वर बघा, तो पोटासारखा फुगलेला भाग दिसतोय? तो अजून खाली यायचाय. आज येईल, उद्या येईल, त्याच्या मनाला येईल तेव्हा येईल, प्लास्टर काही विचारून पडत नाही — त्या शिवणवाल्या बाईला कुठं विचारलं? बसली होती बिचारी आपलं मशीन घेऊन, रोज बसते तिथंच, वाचनालयाच्या मागच्या सावलीत, आणि मंगळवारी अकराच्या सुमाराला वरून तुकडा आला, दरवाजाएवढा म्हणा ना. उजवं मनगट गेलं. डोक्यावर आला असता तर आज तुम्ही-आम्ही वेगळंच बोलत असतो. असो. तुम्हाला थांबवलं ते एवढ्यासाठी, की तुमच्या त्या फाइलीत माझ्या भावाचा कागद आहे. ‘मागची भिंत मी केली, चूक माझी’ — आणि खाली सही. आहे ना? मला ठाऊक आहे, माझ्यासमोरच केली त्यानं सही. तो कागद तुम्ही आज ऑफिसात दिलात की माझा भाऊ कामातून गेला बघा. या शहरात कोणी त्याच्या हातात थापी देणार नाही, आणि पोलीस येतील ते वेगळंच. देऊ नका असं म्हणत नाही मी — तुमची नोकरी आहे, तुम्ही इंजिनिअर, मी आपला गवंडी माणूस — फक्त द्यायच्या आधी ही भिंत एकदा माझ्याबरोबर बघा. दहा मिनिटं. तो यायच्या आत.

घ्या हा हातोडा. दांड्यानं वाजवायचं, लोखंडानं नाही, लोखंडानं चांगलं असलेलंसुद्धा घाबरून सुटतं. इथं वाजवा. खणखणीत, हो की नाही? म्हणजे आतून धरून आहे. आता हातभर वर. इथं. — ऐकलंत? बद्द. म्हणजे भिंत वेगळी आणि प्लास्टर वेगळं, दोघांचं बोलणं बंद, नुसते एका घरात राहतात. आता हे असं का झालं? तर मी सांगतो का झालं. तो गच्चीवरून येणारा पाइप बघा, त्याचा जोड निसटलाय, दोन पावसाळे त्यातून पाणी मुरलंय आत. मग ही खिडकीची पट्टी — हिला खालून एक खाच लागते, बोटाएवढी, म्हणजे पावसाचं पाणी तिथं अडून थेंब थेंब खाली पडतं. खाच नसली की तेच पाणी पट्टीच्या पोटाखालून भिंतीत शिरतं. कोणी ठेवली खाच? कोणी नाही, नकाशातच नव्हती. आणि वर हे ऊन, पश्चिमेची भिंत, दुपारी दोनपासून हात लावून दाखवावा कोणी. तर पाइप लिहा, खाच लिहा, ऊन लिहा. माझ्या भावाचं नाव चौथं लिहा हवं तर, पण चौथं. — काय? पाइप त्या टोकाला आणि तुकडा पडला या टोकाचा. हो. बरोबर आहे. डोळे आहेत बाई तुम्हाला, मागच्या वेळी ते साहेब आले होते ते गाडीतून उतरलेसुद्धा नव्हते.

बरं, मग नीटच सांगतो. लोक म्हणतात प्लास्टर चिकटतं. चिकटत नाही हो — ते पकडतं. आणि पकडायला काहीतरी पाहिजे की नको? वीट कशी, खडबडीत असते, पाणी पिते, सांध्यांमध्ये बोट शिरेल एवढी जागा असते, सिमेंट-वाळूचा माल आत शिरतो आणि मूठ आवळून बसतो. तरीसुद्धा भिंत आधी झाडायची, धुळीचा कण नको, आणि आदल्या दिवशी भिजवायची, कारण कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि मालाचं पीठ होतं. फार भिजवली तरी पंचाईत, घसरतं. ओली पाहिजे पण चमकता कामा नये — आंघोळ करून अंग पुसलेल्या माणसासारखी, असं मी गड्यांना सांगतो, म्हणजे लक्षात राहतं. पण काँक्रीटचा बीम? तो साच्यातून निघतो गुळगुळीत, वर साच्याचं तेल. त्याला कोण पकडणार! त्याला छिन्नीनं टोचे मारावे लागतात, जवळ जवळ, तळहाताएवढ्या जागेत वीस-पंचवीस, अख्ख्या बीमला. मग वीट संपून बीम सुरू होतो त्या सांध्यावर तारेची जाळी ठोकायची — कारण उन्हात वीट आणि काँक्रीट सारखे हलत नाहीत, एक इकडं ओढतं, एक तिकडं. मग पातळ सिमेंटचा शिडकावा, तो खरखरीत वाळला की पहिला थर, त्यावर ओरखडे, मग दुसरा. एका दमात जाड थापलं की आपल्याच वजनानं उतरतं. आणि जेवणाच्या सुट्टीत घट्ट झालेला माल पाणी घालून परत कालवायचा नाही, फेकायचा. जिवावर येतं, पण फेकायचा. बीमला टोचे मारण्याचं काम फार वाईट बरं का, हात खांद्यापासून बधिर होतो, डोळ्यात कचरा, दिवसभर मारलं तर जेमतेम दोन खिडक्यांएवढा बीम होतो. आमच्यात ते काम माझा भाऊ करतो. कोणाला देतच नाही दुसऱ्याला. म्हणतो, दादा, तुम्ही घाई कराल.

हो. या बीमला टोचे नाहीत. बघितलंत तुम्ही. गालासारखा गुळगुळीत आहे, जाळीचा पत्ता नाही. — मग? माणूस आहे, चुकतो. एखादा दिवस असतो असा. तुमचा नसतो का?

आणि टोचे नसले तरी एक वेळ निभावतं, खरंच निभावतं, मी बघितलंय — पाणी नीट मिळालं असेल तर. पाणी हेच खरं औषध. प्लास्टर वाळवायचं नसतं, मुरवायचं असतं. सात दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, आणि पश्चिमेच्या भिंतीला तर ओलं गोणपाट टांगून. कोवळ्या प्लास्टरला ऊन लागलं की वरून टणक दिसतं आणि आत भुसा. तुम्हाला दोन वर्षं कळणार नाही, मग एक दिवस कळतं. म्हणून तर आमच्यात तारीख कोरायची पद्धत आहे. — तारीख म्हणजे तारीख. थर ओला असताना कोपऱ्यात खिळ्यानं तारीख कोरायची, दिवस आणि महिना. ज्यानं भिंत केली त्यानं कोरायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा आमच्या वडलांपासूनचा नियम. तिथून पुढं सात दिवस मोजायचे. सुपरवायझर काय करतो, खाली उभा राहून तारीख वाचतो, बोटांवर मोजतो, सात भरले म्हणाला की परांची सोडायची. भिंतीला हात लावून कोणी बघत नाही, तारीख बघतात. आणि परांची निघाली की पाणी बंद, कारण दुसऱ्या मजल्यावर चढणार कशानं? मग रंग लागतो, तारीख रंगाखाली जाते, कोणाला दिसत नाही. पडलेल्या तुकड्यावर दिसतेय ना, त्या फोटोत? मोठा करा जरा. हं, दहा-चार. चांगली खोल कोरलीय. एप्रिलची दहा. म्हणजे सतराला सात दिवस भरले आणि सतराला परांची निघाली. सगळं नियमानं. मग त्याची चूक कुठं आली सांगा.

तुम्ही त्याला बघितलंय ना? उंच, मान ताठ, बोलतो कमी. साइटवर सगळे त्याला ओळंबा म्हणतात. ओळंबा माहितीय ना, दोरीला लटकवलेलं वजन, भिंत सरळ आहे का बघायला — तो काही बोलत नाही, नुसता लटकतो, आणि तुमची भिंत वाकडी असेल तर तुमची तुम्हालाच लाज वाटते. तसा आहे हा. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा हा नऊ वर्षांचा, मीच वाढवला, मीच थापी धरायला शिकवली. लग्न नाही केलं. म्हणजे करणार होता आत्ता. — कोणाशी म्हणजे? तुम्हाला नाही का कोणी सांगितलं? त्या शिवणवालीशीच हो! आम्हाला कळलं कसं ऐका. शर्टाला बटणं किती असतात? सात, फार तर आठ. हा गेल्या वर्षी एका महिन्यात अकरा वेळा बटण लावून घ्यायला गेला. आमची ही म्हणाली, अहो, शर्ट फाटका आहे की माणूस? बघतो तर काय, घरात बसून ब्लेडनं स्वतःच्या शर्टाची बटणं काढतोय! चाळीस वर्षांचा घोडा. हसून हसून पुरेवाट झाली आमची. तीही काही कमी नाही हं, ती बटणं लावायची ती मुद्दाम कच्च्या दोऱ्यानं. असं चाललं होतं. आणि मंगळवारी ती ढिगाऱ्याखालनं हात ओढत होती तेव्हा पहिला पोचला तो हाच. त्यानंच उचललं, त्यानंच दवाखान्यात नेलं. आणि तिथं तिला पट्टी बांधायच्या आधीच सांगून मोकळा झाला — भिंत माझी होती म्हणून. तिनं तोंड फिरवलं. मनगटाचे तीन तुकडे आहेत मॅडम, डॉक्टर म्हणतात सुई धरता येईल का सांगता येत नाही. रोज डबा घेऊन जातो, ती घेत नाही. नर्सकडे ठेवतो आणि येतो. आत्ताही तिकडंच गेलाय.

तर असा माणूस आहे. अशा माणसानं भिंत बिघडवली असं तुम्ही लिहिणार. तुम्हाला सांगतो, सेवा करावी तर यानं. याच भिंतीच्या वेळेची गोष्ट. आमच्या आईचं पोटाचं ऑपरेशन होतं. नऊला दाखल केली, दहाला सकाळी आत घेतली, आम्ही दोघं भाऊ बाहेर बाकावर, दिवसभर, पाण्याचा घोट नाही. मी दुसऱ्या दिवशी कामावर आलो, काय करणार, बारा माणसं माझ्या भरवशावर. पण हा हलला नाही. बाकावरच. आईचं अंग पुसण्यापासून सगळं यानं केलं, सख्खी मुलगी करणार नाही असं. नर्सबायका म्हणायच्या, आजी नशीबवान आहात. सतराला तिला घरी आणली तेव्हाच दवाखान्याबाहेर पडला तो, तोवर —

काय झालं? फोटोत काय बघताय?

याच भिंतीच्या वेळेची म्हणालो का मी? नाही, आईचं ऑपरेशन ते बहुतेक त्याच्या पुढच्या वर्षी — थांबा, माझा गोंधळ होतोय, वय झालं, तारखा कुठं लक्षात राहतात आता… तुम्ही लिहू नका ते. पुढच्या वर्षी कसं असेल, आई त्याच पावसाळ्यात गेली. काय बोलतोय मी. बसतो जरा. तुम्हीही बसा, त्या विटांवर बसा, स्वच्छ आहेत.

दहाला आम्ही दोघंही बाकावर होतो. आता ते नाकारणार कसं, दवाखान्यात कागद असतील. आणि तो तर नऊपासून सतरापर्यंत बाकावरच होता. म्हणजे ही भिंत — चौदा तारखेला झाली ही भिंत, मॅडम. मी केली. मी एकट्यानं. पुढच्या दर्शनी बाजूचं उद्घाटन ठरलं होतं, कोण मोठे पाहुणे येणार होते, सारखा निरोप यायचा, परांची पुढं आणा, परांची पुढं आणा. मागची भिंत कोण बघतं? मागं काय आहे, केराचे डबे आणि सावली. आणि टोचे मारायला तो नव्हता. मी छिन्नी घेतली हातात, खोटं नाही सांगत, हातभर मारलेही — ते बघा, त्या कोपऱ्यात, तिथलं प्लास्टर अजून धरून आहे, वाजवून बघा, खणखणीत येईल. मग खांदा भरून आला. म्हटलं, तीस वर्षं थापी मारतोय, माझ्या हाताचं प्लास्टर पडत नाही, टोचे कशाला. हा माज होता, दुसरं काय? माज. जाळीचं भेंडोळं खाली पडलं होतं, ते आणायला कोण उतरणार म्हणून जाळी नाही. एका दमात थापलं, रंधा फिरवला, आरशासारखी भिंत. आणि खिळा घेतला तारीख कोरायला. चौदा लिहिली तर एकवीसला परांची सुटणार. मी दहा लिहिली.

साधं एक अक्षर आपण लिहितो तसं लिहिलं. सुपरवायझर सतराला आला, खालून वाचलं, बोटांवर मोजलं, म्हणाला, सोडा. तीन दिवस पाणी मिळालं या भिंतीला. तीन. एप्रिलचं ऊन. माझ्या वडलांनी मला लहानपणी एकदाच मारलं, ते ओल्या भिंतीला पाणी घालायला विसरलो म्हणून, आणि मी जाणूनबुजून —

आणि तो आला ना सतराला. आईला घरी सोडली आणि थेट साइटवर, पाणी मारायचं काम त्याचं म्हणून. पाइप उचलला, मान वर केली, बघतो तर परांची सुटतेय. मी म्हटलं, झाले सात दिवस, तारीख बघ. त्यानं तारीख बघितली. त्याला काय कळणार नाही? दहाला माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता तो बाकावर. तारखेकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही हो. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं, मी चार शिव्या दिल्या असत्या, मोठा भाऊ आहे, तेवढं चालतं. नुसतं बघितलं, आणि पाइप गुंडाळून ठेवला. दोन वर्षं झाली. एका शब्दानं कधी काढलं नाही. पण तेव्हापासून या बाजूनं जाताना तो मान वर करून बीमकडं बघायचा, आणि गेल्या वर्षी त्या बाईला म्हणाला होता, मशीन तिकडं झाडाखाली घे, इथं नको. ती म्हणाली, तिथं ऊन येतं. मी ऐकत होतो, इथंच उभा होतो. मला कळलं तो का सांगतोय. मी म्हणू शकलो असतो, बाई, खरंच उठा इथून, भिंत खराब आहे. तेवढं म्हणायला काय जात होतं? पण ते म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. मी हसलो आणि म्हटलं, याला तुझी फार काळजी गं.

मंगळवारी तुम्ही आलात, वही काढलीत, पहिलाच प्रश्न — मागची भिंत कोणी केली? माझं तोंड उघडलं होतं मॅडम. देवाशपथ उघडलं होतं. आणि मी वाकून थापी पुसायला लागलो. आणि मागून आवाज आला, मी. मला वाटलं, बरं झालं, तेवढा वेळ मिळाला, संध्याकाळी सांगू नीट. संध्याकाळी तुम्ही कागद आणलात, त्यानं सही केली, मी बघत राहिलो. घरी त्याला म्हटलं, असं का केलंस? तर म्हणतो, दादा, तुमच्यामागं बारा घरं आहेत, माझ्यामागं कोण आहे? असं म्हणाला तो. तिच्यासमोर भिंत आपल्यावर घेऊन आला होता आणि मला विचारत होता माझ्यामागं कोण आहे! आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, जेवून घे. आमच्या हिला काही ठाऊक नाही, पण कालपासून म्हणते, ताटावर मान खाली घालून का बसता?

आज तुम्हाला थांबवलं ते त्याला सोडवायला. म्हटलं पाइपवर ढकलू, खाचेवर ढकलू, उन्हावर ढकलू, कोणाचंच नाव नको. दोघंही सुटू. एवढंच होतं मनात. हे बाकीचं बोलायचं नव्हतं. तुम्ही विचारलंही नाहीत, तुम्ही नुसत्या त्या फोटोकडं बघत राहिलात… अवघड आहे तुमच्यासमोर बसणं.

लिहिता? लिहा. आत्ता लिहा, मला उद्या जमणार नाही, मी माझ्या ओळखीचा आहे. लिहा — मागची भिंत मी केली. चौदा एप्रिलला केली. बीमला टोचे मारले नाहीत, जाळी लावली नाही, एका दमात थापलं, तीन दिवस पाणी दिलं. तारीख खोटी कोरली. माझा धाकटा भाऊ तेव्हा नऊ तारखेपासून दवाखान्यात आईजवळ होता, त्याचा या भिंतीशी संबंध नाही. झालं? वाचून दाखवा. — हं. — हं. बरोबर. असं वाचल्यावर केवढं लहान वाटतं, नाही? पाच ओळी. आणि हे वरचं उरलेलं सगळं पाडायचं हेही लिहा, पूर्ण बीमभर, नुसतं ठिगळ नको. आणि पाडेपर्यंत इथं दोर बांधा, कोणाला फिरकू देऊ नका. आणि एक करा माझं. हा कागद ऑफिसात मागाहून द्या, आधी तिला दाखवा. वाचता येतं तिला चांगलं. दाखवाल ना? तिनं त्याच्याकडं एकदा तोंड करून बघितलं तर मला पुढं काय व्हायचं ते होवो. कामाचं बघू, बारा माणसांना दुसरा मिस्त्री मिळेल, मी काही जगातला शेवटचा गवंडी नाही.

द्या ते पेन. कुठं करू सही? इथं, खाली? थांबा, हात पुसतो, चुना लागलाय, कागद खराब व्हायचा. तुम्ही धरा हं फाइल घट्ट. — हं, झाली सही.

आला वाटतं. फाटकाशी तोच ना? हो, तोच. डबा आहे हातात, भरलेलाच दिसतोय, कसा जड धरलाय.

ये रे. काही नाही, काही नाही, भिंतीचंच जरा विचारत होत्या. झालं आमचं. तू जेवलास का? नाही ना, वाटलंच मला, चेहरा बघ कसा झालाय, जा, आधी तोंड धू आणि तोच डबा खाऊन घे सावलीत बसून. अरे, मी कशाला काय सांगू त्यांना? मॅडम निघाल्याच आहेत. हो ना मॅडम? — हे घ्या तुमचं पेन.